लॉकिंग ट्रेमोलो बदलायचा आणि फ्रेटबोर्ड काळा करायचा: आधी काय, नंतर काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिटार जुनी आहे, नेक हाताला बसलेली आहे, पिकअप आवडते आहेत, पण लॉकिंग ट्रेमोलो, म्हणजे दांडीने पुढेमागे झुकणारा, तारा घट्ट धरून ठेवणारा ब्रिज, आता सुरात परत येत नाही. दांडी दाबून सोडली की तारा उतरलेल्या राहतात, वर ओढून सोडली की चढलेल्या. म्हणून नवा ब्रिज बसवायचा आहे. तारा निघणारच आहेत, तर फिकट पडलेला रोझवूडचा फ्रेटबोर्डही एबनीसारखा काळा करून घ्यावा असे तुमच्या मनात आहे. कोणता ब्रिज बसेल, रंग कोणता लावावा आणि आधी कोणते काम करावे, हे तुम्ही विचारले आहे.

क्रमाचे उत्तर आधी देतो. पहिल्यांदा मोजमाप, मग रंग, सगळ्यात शेवटी ब्रिज. बहुतेक जण उलटे करतात. नवा ब्रिज घरी आला की हात थांबत नाहीत, तो बसवून होतो आणि मग रंगाची आठवण येते. तोवर नेकच्या टोकाला तारा आवळून धरणारा लॉकिंग नट घट्ट बसलेला असतो, नव्या ब्रिजवर डाग पडायची भीती असते आणि तारा पुन्हा काढायच्या असतात. मोजमापाचे तर कोणाच्या डोक्यातच येत नाही, कारण चित्रात सगळे लॉकिंग ट्रेमोलो सारखेच दिसतात.

पण त्याही आधी ब्रिज खरोखर दोषी आहे का ते ठरवा. मी बाकावर आलेल्या अशा गिटारी बऱ्याच पाहिल्या आहेत, ज्यांना नव्या ब्रिजची गरज नव्हती.

लॉकिंग ट्रेमोलो म्हणजे मुळात तराजू आहे. एका पारड्यात सहा तारांचा ताण, दुसऱ्यात मागच्या स्प्रिंगांचा. सोनाराच्या काट्याची दांडी जशी धारेवर टेकलेली असते, तसा हा ब्रिज पुढच्या कडेच्या दोन धारांवर, दोन स्टडांना (बॉडीत बसवलेल्या जाड स्क्रूंना) टेकून उभा असतो. धार तीक्ष्ण आणि स्टडची खाच गुळगुळीत असेल तोवर काटा प्रत्येक वेळी त्याच जागी परत येतो. धार बोथट झाली किंवा स्टडमध्ये खड्डा पडला की ब्रिज वाटेतच कुठेतरी अडतो. दांडी दाबून सोडल्यावर तो किंचित पुढे झुकलेला राहतो, म्हणून सगळ्या तारा उतरलेल्या. वर ओढून सोडल्यावर किंचित मागे राहतो, म्हणून सगळ्या चढलेल्या.

यातला ‘सगळ्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सहाही तारा एकाच दिशेने सरकत असतील तर दोष टेकणीत आहे: धार, स्टड, किंवा स्टड ज्यात बसतो ती लाकडातली बुशिंग. एकच तार सरकत असेल तर दोष त्या तारेच्या पकडीत आहे, मग तो नटपाशी असो वा सॅडलमध्ये, म्हणजे ब्रिजवर ती तार जिथे टेकते त्या भागात. त्यासाठी अख्खा ब्रिज बदलणे म्हणजे एक चूल विझली म्हणून घर बदलणे.

एक तार सरकत असेल तर असे बघा. नट लॉक करा आणि नटाच्या मागे, तार दाबून धरणाऱ्या पॅडला अगदी चिकटून, त्या तारेवर बारीक मार्करने ठिपका काढा. दांडी पाच-सहा वेळा जोरात दाबा. ठिपका नटापासून हलला असेल तर पॅड झिजले आहे, त्यावर तारेची जुनी चर खोल गेली आहे, किंवा स्क्रू पुरेसा आवळलेला नाही. ठिपका जागचा हलला नसेल तर सॅडलमधला छोटा ठोकळा बघा. तारेचे टोक दाबून धरणारा तो लोखंडी चौकोन कालांतराने मधोमध दबतो, कधी तडकतो. सहा नवे ठोकळे सुटे मिळतात आणि काम तेवढ्यावर भागते.

तुमच्या वर्णनावरून मात्र तुमच्या सगळ्याच तारा सरकत आहेत. तेव्हा सैल तारांवर ब्रिज उचलून काढा आणि दोन्ही धारा भिंगाखाली उजेडात धरा. चांगली धार नजरेला रेघेसारखी दिसते, तिच्यावर उजेड थांबत नाही. झिजलेल्या धारेवर एक बारीक चकचकीत पट्टी दिसते, कारण तिथे आता टोक उरलेले नसते, सपाटी झालेली असते. स्टडच्या खाचेतून नख फिरवा. नख अडले तर तिथे खड्डा आहे. मग ब्रिज परत लावून तारा चढवा आणि दांडी ओढताना स्टडकडे बघा. स्टड तारांच्या बाजूला झुकत असेल तर बुशिंग लाकडात सैल झाली आहे, आणि जगातला सर्वात महाग ब्रिज आणून बसवलात तरी सूर टिकणार नाही.

धारा इतक्या लवकर का झिजतात? पहिले कारण धातू. फ्लॉइड रोझ यांना या यंत्रणेचे पेटंट १९७९ साली मिळाले. आधीच्या ब्रिजवर फाइन ट्यूनर, म्हणजे ब्रिजवरच सूर किंचित वरखाली करणारे स्क्रू, नव्हते, ते पुढे आले, कारण नट लॉक केल्यावर हेडस्टॉकवरच्या खुंट्या पिळून काही उपयोग होत नाही. नंतर या रचनेचे परवाने अनेक कंपन्यांना मिळाले आणि ‘लायसन्स्ड’ असे छापलेले ब्रिज सर्वत्र पसरले. तो शब्द रचनेबद्दल बोलतो, धातूबद्दल काही सांगत नाही. कडक केलेल्या पोलादाची धार वर्षानुवर्षे टिकते. ओतीव जस्त मिश्रधातूची धार त्याच वापरात फार लवकर बसते.

दुसरे कारण आपण स्वतः. तारा पूर्ण ताणात असताना ॲक्शन (तारांची फ्रेटबोर्डापासूनची उंची) वरखाली करण्यासाठी स्टड पिळणे ही सवय धारेला मारते. त्या वेळी धार स्टडवर पूर्ण जोराने दाबलेली असते आणि स्टड तिच्यावर कानशीसारखा घासत फिरतो. नव्या ब्रिजबद्दल माझी एकच गोष्ट ऐकायची असेल तर ही ऐका: स्टड फिरवायचा असेल तर आधी तारा सैल करा.

आता मोजमाप. व्हर्नियर कॅलिपर नसेल तर उसना आणा, पट्टीवर हे काम होत नाही.

सर्वात पहिले माप दोन स्टडांच्या मध्यांमधले अंतर. ओरिजिनल फ्लॉइड रोझ या त्यांच्याच नावाच्या मूळ ब्रिजमध्ये ते ७४.३ मिलिमीटर आहे. मध्य नजरेने धरता येत नाही, म्हणून एका स्टडच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, उत्तर तेच येते. माझ्याकडे एक गिटार आली होती, जिच्यावर आधीच्या कारागिराने अंतर जुळत नसताना नवा ब्रिज दाबून बसवला होता. फरक मिलिमीटरभराचाच असेल. पण एक धार खाचेत नीट बसली होती आणि दुसरी खाचेच्या काठावर कोपऱ्याने टेकली होती. दोन महिन्यांत तो कोपरा गेला. नवाकोरा ब्रिज, आणि तक्रार जुनीच.

दुसरे माप ब्लॉकची उंची. ब्रिजखाली लोंबणारा हा धातूचा ठोकळा साधारणपणे ३२, ३७ आणि ४२ मिलिमीटरमध्ये मिळतो. बॉडी पातळ असेल आणि तुम्ही लांब ब्लॉक घेतलात तर तो मागून बाहेर डोकावतो आणि मागचे झाकण बसत नाही. जुना ब्लॉक मोजा आणि तेवढाच घ्या. ब्लॉक बऱ्याचदा सुटाही बदलता येतो, त्यामुळे इथे चूक झाली तरी ती सुधारता येते.

तिसरे माप नटाचे. लॉकिंग नटांवर आर२, आर३, आर४ अशा खुणा असतात आणि त्यांची रुंदी, उंची, तारांमधले अंतर वेगवेगळे असते. जुन्या नटाखाली खूण असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर नेकची तिथली रुंदी, नटाची उंची आणि पहिल्या ते सहाव्या तारेचे अंतर, तिन्ही लिहून घ्या. जुना नट कसा धरला आहे तेही बघा. काही नट वरून लाकडी स्क्रूंनी बसतात, काही नेकच्या मागून आरपार बोल्टांनी.

चौथी गोष्ट मोजण्यापेक्षा बघण्याची आहे: बॉडीतली पोकळी. तुमच्या ब्रिजच्या मागे खोल खण कोरलेला आहे की ब्रिज बॉडीच्या वर तरंगतो? खण असेल तर नव्या ब्रिजचे फाइन ट्यूनर त्यात मोकळे फिरतील का? आयबानेझ कंपनीच्या एज कुळातले ब्रिज आणि ओरिजिनल फ्लॉइडच्या मापाचे ब्रिज यांचे आकार वेगळे आहेत. एकाच्या खणात दुसरा सहज बसेल असे गृहीत धरू नका.

तुमचे स्टड ७४.३ च्या आसपास भरले तर निवड सोपी आहे. ओरिजिनल फ्लॉइड रोझ जर्मनीत बनतो आणि टिकतो. त्यांची १००० मालिका कोरियात बनते आणि मापे तीच आहेत, त्यामुळे जुन्याच जागी बसते. स्पेशल नावाच्या स्वस्त मालिकेत सॅडल आणि ब्लॉक जस्त मिश्रधातूचे असतात. दांडी क्वचित वापरणाऱ्याला तो पुरतो, पण तुम्ही धारा झिजवून इथवर आला आहात, तेव्हा तुमच्यासाठी तो नाही. गोटो कंपनीचा जीई१९९६टी ब्रिज मी स्वतः अनेक गिटारींवर बसवला आहे आणि त्याच्या धारा व स्टड दोन्हींवर माझा विश्वास आहे. ब्रिज कोणताही घ्या, स्टड मात्र त्याच्याबरोबर आलेलेच वापरा. जुन्या खड्डा पडलेल्या स्टडवर नवी धार ठेवणे म्हणजे नवे बूट घालून जुन्याच काट्यांवर चालणे.

नवे स्टड जुन्या बुशिंगमध्ये फिरतात का ते हाताने बघा. आटे जुळले नाहीत तर बुशिंगही काढावी लागते. ती पकडीने उपटू नका, भोवतालचा रंग कपच्यांनी उडतो. बुशिंगच्या तळाशी तिच्यापेक्षा बारीक धातूचा तुकडा टाका आणि जुना स्टड आत पिळत जा. स्टडला खाली जागा मिळाली नाही की बुशिंग आपोआप वर येऊ लागते. पिळण्याआधी सोल्डरिंगच्या गरम टोकाने बुशिंग थोडी तापवली तर जुना चिकटा सुटतो आणि ती सरळ वर येते. भोक सैल झालेले असेल तर त्यात मेपलची दांडी सरसाने बसवून, पूर्ण वाळवून, पुन्हा भोक पाडायचे. हे शेवटचे काम ड्रिल स्टँडशिवाय करू नका. हातातले ड्रिल अर्धा अंशही कलले तर स्टड तिरका बसतो आणि मग वर सांगितलेला कोपऱ्याचा प्रकार पुन्हा सुरू होतो.

मापे लिहून झाली, ब्रिज मागवला. तो येईपर्यंत रंगाचे काम करा.

आधी मनातली एक अपेक्षा ठीक करू. रंगाने रोझवूडचे एबनी होत नाही. रोझवूडची रंध्रे उघडी आणि लांबट असतात, एबनीची फार बारीक. काळा रंग लावल्यावर तुमचा फ्रेटबोर्ड काळा दिसेल, पण जवळून रंध्रे दिसतीलच आणि बोटाला पोतही रोझवूडचाच लागेल. मला स्वतःला ते दिसणे आवडते. आवाजात फरक पडणार नाही, रंगाचा थर लाकडाच्या मानाने नगण्य आहे. आणि यात फसवणूक वगैरे काही नाही. एबनीत तपकिरी रेघा निसर्गतः असतात आणि गिटार बनवणारे त्या काळ्या करून घेतात, हा जुना रिवाज आहे. २ जानेवारी २०१७ पासून रोझवूडच्या साऱ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचे बंधन आले, तयार वाद्यांना त्यातून नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली. मधल्या काळात अनेक कंपन्या पाउ फेरो, जटोबा, लॉरेल अशा फिकट लाकडांकडे वळल्या. फ्रेटबोर्ड गडद करण्याची चौकशी माझ्याकडे तेव्हापासून वाढली.

पण हे काम मागे फिरवता येत नाही. काळा केलेला फ्रेटबोर्ड पुन्हा तपकिरी करायचा तर फ्रेट उपटून लाकूड घासावे लागते. म्हणून एकदा शांतपणे विचार करा. बऱ्याचदा फिकट दिसणारा बोर्ड नुसता कोरडा आणि मळलेला असतो. स्वच्छ करून फ्रेटबोर्डचे तेल लावल्यावर तो इतका गडद होतो की मालकाला रंग नकोसा वाटतो. आधी तेवढे करून बघायचे असेल तर जरूर करा, फक्त तेल लावल्यावर रंग लावायचा असेल तर ते पूर्ण काढावे लागेल.

बोर्डावर लॅकर किंवा पॉलीचे पॉलिश नाही ना, हेही बघा. मेपलच्या बोर्डांवर ते जवळजवळ नेहमी असते आणि त्यावर रंग चढत नाही. रोझवूडवर शक्यतो नसते. शेवटच्या फ्रेटपलीकडे पाण्याचा थेंब ठेवा. उघडे लाकूड थोड्या वेळाने त्या जागी गडद होते, पॉलिश असेल तर थेंब तसाच गोल बसून राहतो.

रंग कोणता? मी स्पिरिटमध्ये विरघळणारा चामड्याचा काळा रंग वापरतो. फीबिंग्ज कंपनीचा या कामासाठी गिटारवाल्यांत प्रसिद्ध आहे. तो झटपट वाळतो, लाकडाचे तंतू उभे करत नाही आणि रंध्रांत खोल जातो. पाण्यातल्या रंगाने तंतू उभे राहतात आणि बोर्ड खरखरीत होतो. काही जण व्हिनेगरमध्ये स्टील वूल भिजवून केलेले लोखंडी पाणी सुचवतात. लाकडातल्या टॅनिनशी त्याचा संयोग होऊन काळेपणा येतो, आणि सुट्या लाकडावर ते फार सुंदर दिसते. पण प्रत्येक लाकडात टॅनिन सारखे नसते, म्हणून रंग कुठे काळा, कुठे राखाडी येतो. शिवाय ते आम्लयुक्त पाणी फ्रेटच्या फटींत शिरते. फ्रेट बसवलेल्या बोर्डावर मी ते वापरत नाही.

आता प्रत्यक्ष काम. तारा, ब्रिज आणि लॉकिंग नट, तिन्ही काढा. पिकअपवर टेप लावून ते पूर्ण झाका. स्टील वूलचे कण चुंबकांना चिकटले की महिनोन्‌महिने निघत नाहीत. सर्वात बारीक, चार शून्यांच्या स्टील वूलने बोर्ड लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलका घासा आणि फ्रेटच्या कडेला साचलेला मळ काढा. मग नॅफ्था या तेल काढणाऱ्या द्रावाने ओले केलेले कापड फिरवा. रोझवूड तेलकट असते आणि त्यावर वर्षानुवर्षांचे बोटांचे तेल असते. कापड मळके येणे थांबेपर्यंत पुसत राहा. खिडक्या उघड्या, आसपास कुठलीही ज्योत नाही, हातांत हातमोजे.

त्यानंतरचा अर्धा तास सगळ्यात मोलाचा आहे: मास्किंग. नेकच्या दोन्ही कडा, मागची बाजू, हेडस्टॉकचा चेहरा, बॉडीवर बोर्ड टेकतो तिथला भाग. आणि एक जागा हमखास विसरली जाते, ती म्हणजे नट काढल्यावर उघडा पडलेला खण. तिथे बहुधा कच्चे मेपल असते, त्यावर पॉलिश नसते, आणि मेपल काळा रंग टीपकागदासारखा ओढते. कडांवर टेप नखाने दाबत जा, फ्रेटच्या टोकांपाशी विशेष. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडून एका गिटारीची कड अशीच खराब झाली. टेप चांगली होती, पण मी कापसाचा बोळा ओला ठिबकता घेतला होता. रंग फ्रेटच्या फटीतून खाली उतरला आणि टेपच्या आतल्या बाजूने मेपलवर आला. टेप काढली तेव्हा कडेवर फ्रेटागणिक एक काळी जीभ होती. ती गिटार मी पदरमोड करून पुन्हा पॉलिश करून दिली, आणि त्या दिवसापासून बोळ्याऐवजी कान साफ करायच्या कापसाच्या काड्या वापरतो.

काडी रंगात बुडवा, कापडावर टिपा, आणि जवळजवळ कोरडी झाली की दोन फ्रेटच्या मधोमध ठेवून कडेकडे न्या. कडेपाशी पोहोचेपर्यंत तिच्यात फारसा रंग उरलेला नसावा. एका वेळी एकच घर. फ्रेटला लागून असलेली रेघ शेवटी, काडीच्या टोकाने. पहिला हात वाळल्यावर रंग निळसर, डागाळ दिसेल. घाबरू नका, तो तसाच दिसतो. कोरड्या कापडाने पुसा आणि दुसरा हात द्या. मला आजवर तिसऱ्या हाताची गरज क्वचित पडली आहे.

इनलेंचे, म्हणजे फ्रेटबोर्डात जडवलेल्या ठिपक्यांचे काय? खऱ्या शिंपल्याच्या ठिपक्यांवर रंग सहसा चढत नाही, स्पिरिटच्या काडीने वरचा थर निघून जातो. प्लॅस्टिकच्या ठिपक्यांचा मात्र भरवसा नाही, काही प्लॅस्टिक स्पिरिटमधला रंग पिते. शेवटच्या फ्रेटजवळच्या ठिपक्यावर आधी टाचणीच्या टोकाएवढा रंग लावून पुसून बघा. डाग राहिला तर प्रत्येक ठिपक्यावर टेपची बरोबर मापाची चकती कापून लावा. नेकच्या कडेला बाइंडिंगची पांढरी पट्टी असेल तर तिथेही हीच काळजी. बाइंडिंगमध्ये शिरलेला काळा रंग पात्याने खरवडूनच काढावा लागतो.

रंग लावल्यावर चोवीस तास गिटारीला हात लावू नका. मग कोरड्या सुती कापडाने बोर्ड जोर देऊन पुसा. सुरुवातीला कापड काळे येईल. नवे कापड घ्या, परत पुसा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. हे कंटाळवाणे आहे, पण इथे घाई केलीत तर पुढचे कित्येक आठवडे बोटांची टोके आणि तारा काळ्या होत राहतील. त्यानंतर फ्रेटबोर्डच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि लगेच पुसून काढा. शेवटी दोन फ्रेटच्या मधल्या लाकडावर टेप लावून फ्रेटचे माथे बारीक स्टील वूलने चमकवा. काळ्या लाकडावर त्या उजळलेल्या फ्रेट दिसल्या की सगळ्या कष्टांचे चीज होते.

आता ब्रिज. आधी नट बसवा. नटाची उंची तपासायची पद्धत सोपी आहे: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट आहे ते बघा. केसभर दिसली पाहिजे. फट जास्त असेल तर खालच्या पट्ट्या काढा, तार टेकत असेल तर पातळ पट्टी घाला. नटामागची आडवी दांडी, जी सगळ्या तारांना खाली दाबते, ती पुरेशी खाली असावी. तार नटाच्या उतारावर पूर्ण टेकलेली नसेल तर लॉक आवळताना पॅड तिला खाली ओढते आणि जुळवलेला सूर चढतो. पुष्कळ लोक याला नटाचा दोष समजतात.

स्टड आत पिळा, ब्रिज टेकवा, मागे तीन स्प्रिंगा लावा. तारांच्या नऊ नंबरच्या संचाला तीन पुरतात, त्याहून जाड दहाला कित्येकदा चौथी लागते. स्प्रिंगा जिच्यात अडकतात त्या पट्टीला, म्हणजे क्लॉला, सोल्डर केलेली अर्थची तार तुटलेली नाही ना, तेवढे बघा.

ब्रिज सपाट करण्यासाठी मी ठोकळ्याची रीत वापरतो. आधी क्लॉचे स्क्रू बरेच सैल करा, म्हणजे स्प्रिंगा मुद्दाम कमजोर राहतील. मग ब्रिजची पाटी बॉडीला समांतर धरून, मागच्या पोकळीत ब्लॉक आणि शेपटीकडची भिंत यांच्यामध्ये नेमक्या जाडीचा लाकडी तुकडा सरकवा. तारा चढवताना ब्लॉक त्या भिंतीकडे रेटला जातो, पण तुकडा त्याला अडवतो आणि पाटी सपाटच राहते. फाइन ट्यूनर सगळे मध्यावर आणा, नट उघडा ठेवा आणि हेडस्टॉकच्या खुंट्यांनी तारा नेमक्या सुरात लावा. तारा हाताने ताणा, परत लावा, चार-पाच वेळा. आता क्लॉचे दोन्ही स्क्रू आलटून पालटून पाव-पाव फेरा आवळत जा. स्प्रिंगांचा ताण तारांच्या ताणाएवढा झाला, की घट्ट बसलेला तुकडा एकदम सैल होतो आणि गिटार हलवली की खाली पडतो. तो पडला की थांबा. दोन्ही पारडी सारखी झाली. सूर तपासा, बहुतेक जागेवरच असतात.

फ्रेटबोर्डची वक्रता आणि ब्रिजची वक्रता जुळते का, तेही याच वेळी बघा. ओरिजिनल फ्लॉइडची वक्रता सुमारे १२ इंची आहे. तुमचा बोर्ड १६ इंची, म्हणजे अधिक सपाट असेल तर मधल्या तारा उंच आणि कडेच्या खाली वाटतील. कडेच्या सॅडलखाली पातळ पितळी पट्ट्या घालून ते जुळवता येते.

मग इंटोनेशन, म्हणजे नेकभर सूर खरे येतात का ते. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर त्याच जागच्या हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. सॅडलचा स्क्रू सैल करण्याआधी ती तार सैल करा, नाहीतर ते झटक्याने पुढे घसरते. एका तारेला हात लावला की बाकी पाचांचे सूर बदलतात, कारण हा तराजू आहे. हे काम संध्याकाळच्या घाईत करू नका, सुटीच्या दिवशी सकाळी करा.

सगळे जमल्यावर नट लॉक करा. लहान टोकाची ॲलन की, मनगटाचा जोर, एवढेच. लांब दांड्याने आवळलेत तर पॅडवर चर पडते किंवा स्क्रूचे आटे जातात. लॉक करताना सूर थोडा हलला तर फाइन ट्यूनरने आणा. पहिल्या आठवड्यात नव्या तारा थोड्या उतरतील आणि पाटी किंचित मागे झुकेल. नट उघडून पुन्हा एकदा लावा. नेकचा बाकही तेव्हाच तपासा, कारण तारा काही दिवस नव्हत्या.

जुना ब्रिज फेकू नका. धारा गेल्या असल्या तरी त्याच्या स्प्रिंगा, क्लॉ, सॅडलमधले न तडकलेले ठोकळे आणि नटाची पॅड एका डबीत भरून ठेवा. डबीवर स्टडांचे अंतर आणि नटाची खूण लिहून चिकटवा.